केरबाची शिवी

‘आधीच सांगून ठेवतो, यावर तुमचा विश्वास बसणार नाही,’ मी म्हणालो. ‘माझ्या घोरण्यानं एकदा भूकंपमापन केंद्रातली सुई हलली आणि दिल्लीहून फोन आला, त्यावरही कोणाचा बसला नाही. धरणातल्या मरळ माशानं माझी एक चप्पल पळवली आणि दोन पावसाळ्यांनी दुसरी न्यायला परत आला, त्यावरही नाही. पण आजची गोष्ट त्या दोन्हींच्या वरची आहे. सांगताना माझे हात गार पडतात. हे बघा, धरून बघा.’

उंबरकरांनी माझा हात धरला आणि बायकोकडे बघून मान हलवली. गार होता.

उंबरकर नवरा-बायको महिन्याभरापूर्वी जालन्याहून आमच्या वसाहतीत राहायला आले होते. ही वसाहत धरण बांधणाऱ्यांची. धरण झालं, बांधणारे म्हातारे झाले, पोरं शहरांकडे गेली, आणि रिकाम्या झालेल्या घरांत बाहेरचे म्हातारे येऊन राहू लागले. आता इथं सत्तरीच्या आतला माणूस म्हणजे पाहुणा.

बंद पडलेल्या कँटीनच्या पायऱ्यांवर आम्ही संध्याकाळी बसतो. नवं कोणी आलं की त्याला गोष्ट सांगायची, हा माझा मान. नियम एकच. ऐकणाऱ्यानं खोटं पकडलं की मोठ्यानं ‘थाप!’ म्हणायचं. बरोबर पकडलं, तर गोष्ट तिथंच तुटते, अर्ध्या वाक्यात असली तरी, आणि चहा माझ्याकडून. चुकीचं पकडलं, तर चहा त्याच्याकडून. मधला एक काळ सोडला, तर आजवर माझी एकही गोष्ट शेवटाला पोचलेली नाही.

‘मुकुंदराव, आज जरा खरंच सांगा,’ यशोधराकाकी म्हणाल्या. काकी म्हणजे निवृत्त सिस्टर. अंगावर माझ्या बायकोची, इंदूची निळी शाल. त्यांना थंडी सोसत नाही आणि इंदू गेल्यापासून ती कपाटात नुसती पडून होती, म्हणून मीच परवा नेऊन दिली. पलीकडे क्रेन चालवून हात दगडासारखे झालेला इस्माईल मुल्ला माझा गळ मांडीवर घेऊन बसला होता. तोही मीच दिला, घरात अडगळ नुसती. आणि सगळ्यात खालच्या पायरीवर, शेंगा सोलत, केरबा शेडगे.

आज गोष्ट का, तर शैलजाबाई उंबरकर घाबरल्या होत्या. आल्या आल्या त्यांच्या गळ्यात कानोशाचा, म्हणजे आवाज ऐकणाऱ्या यंत्राचा, मणी घातला होता आणि महिना भरल्यावर आदल्या दिवशी दारावर दिवा बसवला होता.

‘रात्री भावाची आठवण आली, थोडं रडले,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘तर दिवा पिवळा झाला हो. हे म्हणतात, रडू नको, उगाच नेतील. खरंच नेतात का?’

मी केरबाकडे पाहिलं. ‘केरबा, सांगू?’

‘सांग,’ तो मान वर न करता म्हणाला. ‘पण पाय घसरला म्हणालास तर शेंगांचा डबा डोक्यात घालीन.’

•

तर तिथूनच सुरुवात करतो.

केरबाची बायको हिराबाई वारली, त्यानंतरच्या श्रावणात केरबानं जीव द्यायचा प्रयत्न केला. कसा, ते सांगत नाही. ते सांगण्यात काही शौर्य नाही. वाचला, तालुक्याच्या दवाखान्यातून परत आला, आणि वसाहतीत सगळ्यांनी एकमतानं ठरवलं की त्याचा पाय घसरला. भेटायला येणारा प्रत्येक जण फरशीला शिव्या घालायचा. ‘काय मेली गुळगुळीत फरशी!’ केरबा ऐकायचा. चहा प्यायचा. त्याला जे सांगायचं होतं ते त्या फरशीखाली गाडलं गेलं.

त्याच वर्षी आमच्या वसाहतीत आणखी दोघांचे ‘पाय घसरले’. त्यातली एक बाई वाचली नाही. सगळ्या राज्यात म्हाताऱ्यांचे पाय असेच घसरत होते, म्हणून योजना निघाली आणि कानोसा आला.

डॉक्टर ऋजुता माणगावे तो घेऊन आल्या. वय तीसच्या आसपास, डोळ्यांवर मोठा चष्मा. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये आम्हाला बसवून त्यांनी विचारलं, ‘इथं भूकंपमापन केंद्रात कोणी काम केलंय का?’

मी हात वर केला. तीस वर्षं सुईखालचा कागद बदलला होता.

‘मग तुम्हीच सांगा, धरणाच्या पोटात हालचाल होते ती माणसाला आधी कळते की सुईला?’

‘सुईला.’

‘कानोसा म्हणजे आवाजासाठी लावलेली सुई,’ बाई म्हणाल्या. मग त्यांनी घशावर बोट ठेवलं. मेंदूतून एक नस निघते. ती खाली छातीत उतरते, डावीकडे हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीला खालून वळसा घालते आणि परत वर घशात येते. आवाजाचे पडदे ती हलवते. मन खचलं की झोप, भूक, श्वास सगळं बदलतं, तसे हे पडदेही ढिले होतात. आवाज सपाट होतो. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली फट रुंदावते. कानाला न कळण्याइतकी, पण यंत्राला कळते. आपण ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणतो तेव्हा शब्द ठीक असतात, फट मात्र खरं बोलते.

‘म्हणजे आमचं बोलणं हे सगळं ऐकणार?’ इस्माईलनं विचारलं.

‘शब्द साठवत नाही, काका. नुसती चाल. आणि प्रत्येकाची चाल वेगळी. म्हणून पहिला महिनाभर तुम्ही नेहमीसारखं बोलायचं. त्यावरून तुमची मूळ रेघ ठरेल. पुढं त्या रेघेपासून आवाज ढळला की दिवा पिवळा. फार ढळला की लाल.’

‘नेहमीसारखं म्हणजे?’ काकी माझ्याकडे बघत म्हणाल्या. ‘मुकुंदराव नेहमी थापाच मारतात.’

हॉल हसला. मीही हसलो. आणि इंदू जाऊन जेमतेम पंधरवडा झाला होता, तरी महिनाभर मण्याला मनमुराद थापा ऐकवल्या. त्याच माझी मूळ रेघ झाल्या.

‘थाप!’ उंबरकर एकदम ओरडले. ‘ती नस खाली उतरून परत वर येते म्हणे! कशाला येईल एवढा वळसा घालून?’

‘येते,’ काकी म्हणाल्या. ‘शरीरशास्त्राच्या पहिल्या पुस्तकात आहे. चहा तुमच्याकडून.’

•

आता लाल दिव्याचं सांगतो. लाल झाला की पांढरी गाडी यायची. माणसाला तपासणीला योजनेच्या केंद्रात न्यायचे, मुलाला फोन जायचा, आणि दारावरचा दिवा माणूस परत येईपर्यंत लालच राहायचा, गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा. हेतू चांगला होता. हेतू सगळ्यांचेच चांगले असतात, अगदी मरळ माशाचासुद्धा.

पहिला दिवा गोदाक्काचा लाल झाला. तिचं मांजर मेलं होतं. चौदा वर्षांचं मांजर, रडायचं नाही तर काय करायचं? गाडी आली. गोदाक्का म्हणत होती, ‘अहो, मला काही झालेलं नाही, मला नुसतं रडू द्या.’ केंद्रातून चार दिवसांत सोडली तिला. पण मुलगा पुण्याहून आला होता, घाबरलेला. त्यानं आईला गाडीत घातलं आणि घराला कुलूप लावलं. ती काही परत आली नाही. पुढं ते घर विकलं.

‘कुठलं घर?’ शैलजाबाईंनी विचारलं.

इस्माईल खोकला.

‘आमचं?’

‘तुमचंच. परसात मांजराच्या नावानं एक अनंताचं झाड लावलंय बघा तिनं.’

शैलजाबाईंनी पदर तोंडाशी नेला, मग चटकन गळ्यातल्या मण्याला हात लावला आणि पदर खाली घेतला. असंच करायचो आम्ही सगळे. अगदी असंच.

त्या दिवसापासून वसाहतीला मरणाची भीती राहिली नाही. दिव्याची बसली.

आणि घाबरलेली माणसं कोणाकडे जातात? थापाड्याकडे.

•

वर्ग बॅडमिंटन हॉलमध्येच भरायचा. बाहेर पाटी भजनाची. नुसतं खोटं बोलणं सोपं असतं, खऱ्यासारखं खोटं बोलणं अवघड. ते मी शिकवायचो. प्रश्न संपायच्या आत उत्तर सुरू करा, म्हणजे फट उरत नाही. वाक्याचा शेवट वर उचला, जिना चढल्यासारखा. ‘काय करायचंय आता’ बंद. पुढच्या रविवारी कोथिंबिरीच्या वड्या करणार आहे, असं बोला. पुढच्या रविवारी ज्याला वड्या करायच्यात त्याच्या आवाजाला आपोआप उठाव येतो.

‘पण मला तळलेलं चालत नाही, मास्तर,’ कोणीतरी म्हणायचं.

‘तुम्ही खाऊ नका हो. नुसत्या करा.’

हसायचे. महिन्याभरात सगळी वसाहत वड्या करायला लागली. कोणी कोणाला हाक मारली की उत्तर यायचं, ‘मजेत! एकदम मजेत!’ सगळ्या दारांवर हिरवे दिवे. वरच्या कार्यालयातून साहेब आले, आमच्या वसाहतीला नमुना वसाहत म्हणून ढाल दिली. डॉक्टर माणगावेंनी टाळ्या वाजवल्या, पण त्या वाजवताना चष्म्याआडून एकेकाकडे बघत होत्या. त्यांना काहीतरी खटकत होतं. आम्ही आणखी जोरात हसलो.

आणि सगळ्यात हुशार विद्यार्थी हा. हा शेंगा सोलतोय तो.

आयुष्यभर टर्बाइनच्या आवाजात ओरडून बोललेला माणूस. त्याचं साधं ‘ये’ म्हणजेसुद्धा भांडण वाटायचं. त्यानं आवाज असा मऊ करून घेतला की ऐकताना तुपात बोट बुडवल्यासारखं वाटावं. ‘मुकुंदराव, किती छान हवा आहे!’ मला! मुकुंदराव! साठ वर्षं मी मुकुंद्या होतो. आम्ही एका बाकावर बसून शाळेतून पळालो होतो.

‘कसा हाय आवाज?’ एकदा त्यानं विचारलं.

‘पास,’ मी म्हणालो, ‘पहिला नंबर.’

पुढं या पायऱ्यांवर एक चमत्कार झाला. माझ्या गोष्टी शेवटाला जायला लागल्या. मी वाट्टेल ते सांगायचो, मगरीची सांगायचो, आकाशातून पडलेल्या पातेल्याची सांगायचो. कोणी ‘थाप’ म्हणेना. सगळे गोड हसायचे. ‘वा, फार छान!’ इस्माईल म्हणायचा. खोटं पकडणारं कोणी उरलंच नव्हतं, कारण ज्यानं त्यानं स्वतःचं लपवलं होतं. त्या गोड हसण्याच्या मध्ये बसून मला पहिल्यांदा भीती वाटली. हसणाऱ्या तोंडांकडे बघायचो आणि कळायचं नाही, आत कोण आहे, आत कोणी आहे का.

‘थाप,’ इस्माईल आता म्हणाला. ‘मी “फार छान” कधी म्हणालो न्हाई. मी “लई ब्येस” म्हणायचो.’

‘अर्थ तोच,’ काकींनी निकाल दिला. ‘चालू द्या.’

•

मग केरबानं मला बॅटरी दिली.

टर्बाइनच्या पोटात उतरताना वापरायची पितळी बॅटरी. हिराबाईनं तिच्यासाठी कापडी पिशवी शिवली होती. ती केरबा कोणाला हात लावू द्यायचा नाही. एके दिवशी दुपारी घरी आला आणि पिशवीसकट माझ्या हातात ठेवली.

‘असू दे तुमच्याकडे, मुकुंदराव. मला आता काय करायची!’

वाक्याचा शेवट वर. जिना चढल्यासारखा. मी शिकवला तसा.

‘अरे, पण रात्री परसात जाताना?’

‘पुढच्या रविवारी वड्या करतोय. या तुम्ही.’

गेला. त्याच्या दारावरचा दिवा माझ्या ओसरीतून दिसतो. हिरवा. मी स्वतःला म्हणालो, हिरवा आहे. यंत्र आहे ते, नस बघतं. बॅटरी फळीवर ठेवली आणि दिवसभर तिच्याकडे पाठ करून बसलो.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून सगळे आडवे झालेले असताना धक्का बसला.

उंबरकर, तुम्ही जालन्याचे, तुम्हाला सवय नसेल. आमच्या खालची जमीन अधूनमधून कूस बदलते. भांडी वाजतात, कुत्री भुंकतात, संपलं. पण आमचा जुना रिवाज असा, की धक्का बसला की ओसरीवर यायचं आणि शेजारच्या घराला हाक द्यायची, ‘हाय का रं?’ त्यानं ‘हाय’ म्हणायचं आणि पुढच्या घराला हाक द्यायची. वरच्या आळीपासून निघालेली हाक खालच्या शेवटच्या घरापर्यंत जाते. दुसरा रिवाज, दाराला आतून कडी घालायची नाही. चौकट वाकली की दार अडकतं. आमच्याकडे नव्या सुनेला आधी हे सांगतात, मग देव कुठं आहेत ते दाखवतात.

माझ्यानंतर केरबाचं घर. आणि केरबानं हाकेला कधी ‘हाय’ म्हटलेलं नाही. त्याचं उत्तर ठरलेलं. सगळ्या आळीला पाठ. काय रे केरबा?

केरबानं शेंग फोडली. ‘मेलो न्हाई अजून, भाड्या! तुझ्या तेराव्याचे लाडू खाल्ल्याबिगर जात न्हाई!’

शैलजाबाई दचकल्या. उंबरकर हसले.

तर त्या दुपारी इस्माईलची हाक माझ्याकडे आली, मी ‘हाय’ म्हणालो, वळलो आणि ओरडलो, ‘केरबाऽ, हाय का रं?’

फट नाही. लगेच उत्तर आलं.

‘आहे हो, अगदी मजेत!’

कोकिळेसारखा आवाज. दारावर दिवा हिरवागार, पावसानंतरच्या भातासारखा. आणि मी घाबरलो. धक्क्यानं नाही. एवढ्या वर्षांत एवढे धक्के बसले, त्यातल्या एकानंही मी असा घाबरलो नव्हतो.

शिवी आली नव्हती.

मी पळालो. माझा एक गुडघा माझा नाही, पोलादाचा आहे, तो मला म्हणाला, हळू. मी त्याला केरबाची शिवी दिली. दारावर हात मारला तर दार हललं नाही. आतून कडी होती.

‘केरबा!’

‘कोण? मुकुंदराव? या ना, म्हणजे नंतर या. जरा पडलोय. मजेत आहे.’

‘कडी काढ.’

‘रविवारी या. वड्या करतोय.’

त्या आवाजात एक धागा उसवलेला नव्हता. मी वर पाहिलं. हिरवा. मी काकींना बोलावलं असतं, डॉक्टरांना फोन केला असता, तर त्यांनीही वरच पाहिलं असतं. यंत्र म्हणत होतं, माणूस ठीक आहे. जगात फक्त एकाला माहीत होतं की नाही, आणि तो एक म्हणजे वसाहतीतला अव्वल खोटारडा. कोण विश्वास ठेवणार होतं?

मग मला दुसरं काही सुचेना. मी दाराला तोंड लावलं आणि फुफ्फुसं फाटतील एवढ्या मोठ्यानं ओरडलो.

‘थाप!’

आत सगळं थांबलं.

‘थाप, केरबा! खोटं बोलतोयस तू. पकडलंय मी. नियम माहीत आहे ना? गोष्ट इथंच तुटली. आता पुढं एक अक्षर बोलायचं नाही तसलं.’

मग दाराच्या पलीकडून, अगदी खालून, जमिनीवर बसून बोलल्यासारखा एक आवाज आला. जुना. घोगरा. टर्बाइनवाला.

‘हळू बोल. दिवा कुठला हाय?’

‘हिरवा.’

‘मग जा की, मुकुंद्या.’

मुकुंद्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

‘न्हाई जात. दिवा गेला चुलीत. तू बोल.’

‘बोललो तर लाल हुईल.’

‘होऊ दे.’

‘नेतील मला. पोरगा कुलूप लावंल. गोदाक्कागत.’

‘गाडीत मी पण बसतो. तुझ्या पोराला मी सांगतो काय सांगायचं ते. आयुष्यभर खोटं सांगितलं, एक दिवस खरं सांगीन.’

आतून कण्हल्यासारखं हसू आलं. ते हसू मध्येच मोडलं.

‘मला लई भ्या वाटतंय रं,’ केरबा म्हणाला. ‘मरायचं न्हाई वाटत. हितं बसायचं वाटतं. रोज सकाळी उठून मजेत म्हणायचं. हिरा गेली ही कुणाला सांगायचंच न्हाई. तू शिकवलंस तसं बोलतो आन बोलून झालं की घरात कुणीच नसतं. मी बी नसतो.’

मी वर पाहिलं. हिरवा गेला. पिवळा. आणि बघता बघता लाल, कुंकवासारखा.

‘लाल झाला का?’

‘झाला.’

‘बघितलं का समद्यांनी?’

बघितलं होतं. इस्माईल, काकी, सगळी आळी माझ्या मागं येऊन उभी होती. कोणी फरशीला शिव्या देत नव्हतं. काकी पुढं झाल्या, दारावर हलकेच टकटक केली. ‘शेडगे, कडी काढा. मी आहे. आम्ही सगळे आहोत.’

कडी निघाली. काकी आत शिरल्या, सिस्टरच्या सवयीनं आधी खोलीभर नजर फिरवली आणि जे उचलायला हवं होतं ते उचलून इस्माईलकडे दिलं. तो ते घेऊन लांब गेला. मी केरबाच्या शेजारी जमिनीवर बसलो. पोलादाचा गुडघा वाकत नाही, तरी बसलो.

•

गाडी आली. मी तिच्यात बसलो. गाडीवाला म्हणाला, परवानगी नाही. मी म्हणालो, मी याचा सख्खा भाऊ. ती थाप कोणी पकडली नाही.

केंद्र आम्ही समजत होतो तसं यमाचं घर नव्हतं. केरबाला गोळ्या सुरू झाल्या. त्या लागू पडायला बरेच आठवडे लागले. रोज एक जण त्याच्यासमोर बसायचा, हिराबाईचं विचारायचा आणि तो रडला की थांबवायचा नाही. म्हातारपण आलं म्हणजे उदास असायचंच, अशी आमची समजूत. डॉक्टर माणगावे म्हणाल्या, हा आजार आहे, मोतीबिंदूसारखा, आणि बहुतेक वेळा उतरतो. आधी सांगितलं असतं तर आधी उतरला असता.

मग त्यांनी मला बाजूला घेतलं.

‘काका, दिवा हिरवा होता. तुम्हाला कसं कळलं?’

‘शिवी दिली नाही त्यानं, बाई.’

त्या हसल्या नाहीत. चष्मा काढून बराच वेळ पदराच्या टोकानं पुसत राहिल्या. मी भजनाच्या वर्गाचंही सांगितलं. तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, ‘आम्ही फक्त ऐकायचं यंत्र केलं. ज्याला सांगायचं, तो माणूस आम्ही दिलाच नाही.’

आता पद्धत बदलली आहे, शैलजाबाई. डॉक्टरबाई भांडल्या वरच्या लोकांशी. दिवा ढळला तर गाडी येत नाही. तुम्ही सांगाल त्या तिघांच्या घरी घंटा वाजते, नव्यांच्या बाबतीत शेजाऱ्यांच्या. ते येतात, बसतात. वाटलं तर डॉक्टरांना बोलावतात. काल रात्री तुमच्या दारात कोण आलं होतं?

शैलजाबाई चमकल्या. ‘यशोधराकाकी. साखर मागायला.’

‘मला मधुमेह आहे,’ काकी म्हणाल्या.

शैलजाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदर तोंडाशी नेला, आणि या वेळी खाली घेतला नाही. काकींनी इंदूच्या शालीचं टोक त्यांच्या खांद्यावर टाकलं.

•

एवढीच गोष्ट. धडधड कमी झाली ना? बघा, ही माझी पहिली खरी गोष्ट, जी शेवटाला पोचते आहे. केरबा परत शिव्या देतो. इस्माईल गळानं मासे धरतो. वसाहतीत हल्ली पिवळे दिवे पुष्कळ दिसतात, लालही दिसतात, ढाल केव्हाच परत गेली. अख्ख्या आळीत एकच दिवा असा आहे, जो बसवल्यापासून एकदाही ढळलेला नाही. माझा. हिरवा म्हणजे हिरवा! माझ्यासाठी घंटा वाजवायची वेळ कोणावर आली नाही आणि यायचीही नाही. इंदू गेली, ते चालायचंच. घर आवरून टाकलंय, भूक लागते, झोप लागते, पुढच्या रविवारी वड्या करणार आहे. माझं म्हणाल तर अगदी मजे–

‘थाप!’

केरबा उठून उभा राहिला होता. मांडीवरच्या शेंगा पायऱ्यांवर सांडल्या. त्याचा आवाज टर्बाइनवरून यावा तसा आला, आणि सगळ्या आळीनं माना वळवल्या.

‘थाप, मुकुंद्या! गळ इस्माईलला दिलास. शाल काकीला दिलीस. आज सकाळी माझी बॅटरी माझ्या दारात ठेवून गेलास, हाक न मारता. दिवा काय सांगतोय ते मला सांगू नगंस, भाड्या. आता गप बस. चहा मी करतो, आज तुझ्याच घरी निजतो, आन उद्या बाईंकडं आपण दोघं जायचं. तुझ्या तेराव्याचे लाडू मला खायचे न्हाईत!’